नौकेतील हीटरची निकास नळी

नौकेतील हीटरची निकास नळी (बोलीभाषेत एक्झॉस्ट किंवा धूरनळी) म्हणजे नौकेच्या केबिनला ऊब देणाऱ्या हीटरमध्ये इंधन जळून तयार झालेले वायू नौकेबाहेर सोडणारी धातूची नळी, तिचे सांधे, सायलेन्सर, उष्णतारोधक वेष्टन आणि नौकेच्या बाजूला बसवलेले बाहेरचे तोंड यांची मिळून होणारी व्यवस्था होय. या वायूंमध्ये कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन आणि विषारी वायू असू शकतो. नळीचा एखादा सांधा निसटला किंवा नळीला छिद्र पडले, तर हा वायू केबिनमध्ये साचतो व झोपलेल्या माणसांचा जीव जाऊ शकतो. त्यामुळे हीटरच्या सर्व भागांमध्ये निकास नळीची बसवणी ही सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची मानली जाते.

हा लेख प्रामुख्याने डिझेलवर चालणाऱ्या, गरम हवा देणाऱ्या हीटरविषयी आहे. लाकूड व कोळसा जाळणाऱ्या शेगडीच्या धुराड्याची माहिती स्वतंत्र विभागात दिली आहे.

पार्श्वभूमी

ब्रिटन, नेदरलँड्स, स्कँडिनेव्हिया अशा थंड प्रदेशांत नद्या, कालवे व किनाऱ्यालगतच्या समुद्रात वापरल्या जाणाऱ्या लहान नौकांवर हीटर ही नित्याची गरज आहे. इंग्लंडमधील कालव्यांवर 'नॅरोबोट' नावाच्या लांब व अरुंद नौकांमध्ये अनेक कुटुंबे वर्षभर वास्तव्य करतात. हिवाळ्यात अशा नौकेची दारे-खिडक्या बंद असतात आणि हीटर रात्रभर चालू असतो. विषारी वायूची गळती सर्वाधिक घातक ठरण्याची परिस्थिती हीच असते.

डिझेल हीटर मुळात मालमोटारी, बस आणि इतर वाहनांसाठी विकसित झाले. वेबास्टो व एबरस्पेशर या जर्मन कंपन्या या क्षेत्रातील जुन्या उत्पादक आहेत. वाहनात हीटरची निकास नळी बहुधा गाडीच्या तळाखाली, उघड्या हवेत असते. तेथे थोडी गळती झाली तरी वायू वाऱ्याबरोबर निघून जातो. नौकेत मात्र नळीचा बहुतांश भाग नौकेच्या आतूनच, कपाटामागून किंवा इंजिनाच्या कप्प्यातून जातो. त्यामुळे वाहनासाठी पुरेसे असलेले सुटे भाग नौकेसाठी पुरेसे असतीलच असे नाही. नौकेतील अनेक दुर्घटनांमागे या फरकाकडे झालेले दुर्लक्ष आढळते.

हीटरचे कार्य

हीटरमधील छोटा पंप ठरावीक मापाने डिझेल ज्वलनकक्षात सोडतो. ग्लो प्लग तापून इंधन पेटवतो आणि पंखा ज्वलनासाठी लागणारी हवा पुरवतो. ज्वालेची उष्णता धातूच्या उष्णता-विनिमयकाला मिळते. दुसरा पंखा केबिनमधील हवा या विनिमयकावरून फिरवतो व ती तापून पुन्हा केबिनमध्ये येते. अशा रीतीने हीटरमध्ये हवेचे दोन स्वतंत्र मार्ग असतात: एक ज्वलनाच्या हवेचा व दुसरा केबिनच्या हवेचा. हे दोन मार्ग कोठेही एकत्र येता कामा नयेत, हे या यंत्राच्या सुरक्षिततेचे मूलतत्त्व आहे.

इंजिनाच्या निकासात बहुधा पाणी मिसळून तो थंड केला जातो. हीटरचा निकास मात्र कोरडा असतो. हीटर चालू असताना त्याची धातूची नळी लाकूड, प्लॅस्टिक किंवा फायबरग्लास करपवण्याइतकी तापते.

कार्बन मोनॉक्साइडचा धोका

इंधनाला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूच्या तुलनेत २०० पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो. परिणामी श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो.

केबिनचे आकारमान लहान असल्याने थोडा वायूही पुरेसा ठरतो. ५ मीटर लांब, २ मीटर रुंद व २ मीटर उंच केबिनचे घनफळ २० घनमीटर, म्हणजे २०,००० लिटर होते. तीत केवळ २० लिटर कार्बन मोनॉक्साइड मिसळला, तर हवेतील प्रमाण १००० भाग प्रति दशलक्ष (पीपीएम) होते. अशा हवेत काही तास राहणे प्राणघातक आहे.

सुस्थितीतील हीटरच्या निकासात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण कमी असते. पण एवढ्यावर विसंबता येत नाही. निकासाचे वायू केबिनमध्ये शिरले आणि तीच हवा ज्वलनासाठी पुन्हा हीटरमध्ये ओढली गेली, तर प्राणवायू घटतो, ज्वलन आणखी बिघडते व विषारी वायूचे प्रमाण वाढत जाते. काजळीने भरलेला ज्वलनकक्ष, तुंबलेली हवानळी किंवा बॅटरीचा कमी पडणारा दाब यांमुळेही ज्वलन बिघडते.

विषबाधेची प्रारंभिक लक्षणे म्हणजे डोकेदुखी, चक्कर, मळमळ, थकवा आणि गोंधळलेपणा. नौकेवर ही लक्षणे समुद्र लागल्याची, सर्दी-तापाची किंवा मद्यपानाची समजली जाण्याचा संभव असतो. एकाच वेळी अनेकांना त्रास होणे, तसेच बाहेर गेल्यावर बरे वाटणे व आत आल्यावर पुन्हा त्रास सुरू होणे, या खुणा वायूकडे निर्देश करतात. झोपेत असलेल्या व्यक्तीला मात्र लक्षणे जाणवण्याची संधीच मिळत नाही.

निकास नळीची रचना व बसवणी

नळी

नळी गंजरोधक पोलादाची (स्टेनलेस स्टील) असते. लवचिक नळीचे दोन प्रकार आढळतात. पहिल्यात धातूची पट्टी सर्पिलाकार गुंडाळून तिच्या कडा एकमेकींत अडकवलेल्या असतात. अशी नळी वाकवल्यावर तिच्या कडांमधून वायू झिरपू शकतो. दुसरा प्रकार संपूर्ण लांबीत वायुरोधक असतो. नौकेच्या आतून जाणाऱ्या मार्गासाठी दुसराच प्रकार योग्य ठरतो. रबर किंवा प्लॅस्टिकची नळी या कामासाठी कोणत्याही परिस्थितीत वापरता येत नाही.

नळीचा व्यास, कमाल लांबी आणि वळणांच्या कोनांची कमाल बेरीज हीटरच्या निर्मात्याने पुस्तिकेत दिलेली असते. नळी प्रमाणाबाहेर लांब किंवा वाकडी असल्यास वायू बाहेर पडण्यास विरोध होतो व ज्वलन बिघडते. मार्ग शक्य तितका आखूड व सरळ ठेवण्यामागे हे कारण आहे.

सांधे

गळतीची सर्वाधिक शक्यता सांध्यांपाशी असते. म्हणून सांध्यांची संख्या कमीत कमी ठेवली जाते. दोन तुकडे जोडून वापरण्यापेक्षा अखंड नळी श्रेयस्कर असते. सांधा करताना पुढील बाबी पाळल्या जातात:

* नळीचे टोक सरळ व गोल कापून त्यावरील धारदार कंगोरे घासून काढणे.
* नळी जोडावर पूर्ण खोलीपर्यंत सरकवणे. अर्धवट बसलेली नळी क्लॅम्प आवळूनही कालांतराने निसटते.
* उष्णता सहन करणारी, निकास-सांध्यांसाठी बनवलेली लुकणपेस्ट वापरणे. साध्या सिलिकॉनचा येथे उपयोग नाही.
* योग्य मापाचा स्टेनलेस स्टीलचा रुंद क्लॅम्प बसवणे. तार, प्लॅस्टिकची पट्टी किंवा चिकटपट्टी हे पर्याय नव्हेत.
* पहिल्यांदा हीटर पूर्ण तापवून थंड झाल्यावर प्रत्येक क्लॅम्प पुन्हा आवळणे. तापून प्रसरण व निवून आकुंचन या क्रमात सांधा सैल होतो.

लुकण वायू अडवते व क्लॅम्प पकड देतो. ही दोन कामे भिन्न असल्याने एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

आधार

नौकेला इंजिनाची कंपने, लाटांचे हिसके आणि धक्क्याला लागतानाचे आघात सतत सोसावे लागतात. नळीचा व सायलेन्सरचा भार सांध्यांवर लोंबकळत राहिला, तर उत्तम रीतीने केलेला सांधाही काही काळाने उघडतो. यासाठी नळीला ठिकठिकाणी धातूच्या पट्ट्यांनी नौकेच्या पक्क्या भागाशी जखडले जाते. सायलेन्सरला स्वतःचा स्वतंत्र आधार दिला जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या नळ्याही सांध्याजवळ धरून ठेवल्या जातात. पट्टीतून लाकडात किंवा फायबरग्लासमध्ये उष्णता जाऊ नये म्हणून मध्ये उष्णतारोधक थर ठेवतात. सामान ठेवण्याच्या कप्प्यातून नळी जात असल्यास तिच्याभोवती जाळी किंवा आवरण असणे इष्ट असते. कारण एखादी पेटी आपटून सांधा निखळल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

सायलेन्सर

वाहनांसाठी बनवलेल्या अनेक सायलेन्सरची शिवण पूर्णपणे वायुरोधक नसते. काहींना पाणी निथळण्यासाठी मुद्दाम छिद्रही ठेवलेले असते. गाडीखाली ते निर्धोक असले, तरी नौकेच्या आत बसवल्यास त्यातून वायू थेट आत येतो. नौकेसाठी पूर्णपणे वायुरोधक, वेल्डिंग केलेला सायलेन्सर स्वतंत्रपणे उपलब्ध असतो. स्वस्त हीटर-संचाबरोबर येणारी नळी व सायलेन्सर बहुधा वाहनासाठीच असतात, ही बाब खरेदीच्या वेळी ध्यानात घ्यावी लागते.

उतार, पाणी आणि बाहेरचे तोंड

निकास वायूंमध्ये पाण्याची वाफ असते. नळी थंड असताना या वाफेचे पाणी होऊन ते सखल भागात साचते. या पाण्यात आम्लता असल्याने नळी आतून गंजते, आणि पाणी वाढल्यास मार्गही तुंबतो. म्हणून नळीला शक्य तेथे बाहेरच्या दिशेने उतार दिला जातो. सर्वांत खालच्या बिंदूपाशी निथळ-तोटी बसवली जाते. मात्र ती तोटी एरवी घट्ट बंद राहील अशीच असावी लागते, अन्यथा तीच गळतीचे द्वार ठरते.

बाहेरचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर असते. नौका पूर्ण भारलेली असताना किंवा शिडाची नौका एका अंगावर कललेली असतानाही ते वरच राहील, अशी जागा निवडावी लागते. लाटेचे पाणी नळीतून हीटरपर्यंत जाऊ नये म्हणून तोंडाच्या आतल्या बाजूस नळीला हंसाच्या मानेसारखे उंच वळण दिले जाते. तोंडाचा धातू गरम होत असल्याने फायबरग्लासच्या किंवा लाकडी नौकेत दुहेरी भिंतीचे तोंड वापरतात.

खिडक्या, हवेची जाळी, दार व ज्वलनासाठी हवा घेणारी नळी यांपासून हे तोंड दूर असावे लागते. नौकेच्या मागील उघड्या भागावर ताडपत्रीचा तंबू लावल्यास त्याच्याखाली वायू साचू शकतो, हेही जागा ठरवताना विचारात घेतले जाते. तसेच ज्वलनाची हवा माणसे राहतात त्या केबिनमधून घेतली जात नाही.

वेष्टन

नळीवर काचतंतूसारख्या उष्णतारोधक पदार्थाचे वेष्टन गुंडाळले जाते. त्यामुळे स्पर्शाने भाजणे व आग लागणे हे दोन्ही धोके कमी होतात. इंधननळ्या, विजेच्या तारा आणि लाकूडकाम यांपासून पुस्तिकेत सांगितलेले अंतर मात्र वेष्टन असले तरी राखावे लागते. वेष्टन गुंडाळण्यापूर्वीच सांध्यांची चाचणी पूर्ण केली जाते, कारण वेष्टनाखाली गळती दडून राहते. जुन्या नौकेच्या तपासणीत वेष्टन सोडवून आत पाहणे आवश्यक ठरते ते याच कारणामुळे.

चाचणी

थंड नळीचे बाहेरचे तोंड बंद करून आत हलक्या दाबाने हवा भरली व सांध्यांवर साबणाचे पाणी लावले, तर गळती असलेल्या जागी बुडबुडे येतात. त्यानंतर हीटर पूर्ण शक्तीवर चालवून, दारे-खिडक्या बंद करून, पीपीएम दाखवणारे सूचकयंत्र आत ठेवले जाते. या वेळी माणसांनी बाहेर थांबणे अपेक्षित असते. हवेचा वास न येणे किंवा धूर न दिसणे ही सुरक्षिततेची खूण नव्हे.

सूचकयंत्र

निकास नळी कितीही काळजीपूर्वक बसवली, तरी कार्बन मोनॉक्साइड सूचकयंत्राला पर्याय नाही. युरोपात निवासी वाहने व नौका यांसाठी 'ईएन ५०२९१-२' हे मानक लागू आहे. या मानकमालेनुसार सूचकयंत्र कोणत्या प्रमाणाला किती वेळात वाजले पाहिजे, ते पुढीलप्रमाणे:

* ३० पीपीएम: १२० मिनिटांपूर्वी वाजू नये
* ५० पीपीएम: ६० ते ९० मिनिटांत
* १०० पीपीएम: १० ते ४० मिनिटांत
* ३०० पीपीएम: ३ मिनिटांच्या आत

सूचकयंत्र झोपण्याच्या प्रत्येक जागी, झोपलेल्या माणसाच्या श्वासाच्या पातळीजवळ असावे, असे सुचवले जाते. त्यातील संवेदकाला आयुर्मर्यादा असते. मुदत उलटल्यावर चाचणीचे बटण दाबून आवाज आला, तरी संवेदक काम करतोच असे नाही. धूरसूचक यंत्र कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही.

उल्लेखनीय दुर्घटना

ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण शाखेने (एमएआयबी) अशा अनेक घटनांची चौकशी केली आहे.

* अर्निस्टन (२०१३): १ एप्रिल २०१३ रोजी इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवरात उभ्या असलेल्या या नौकेवर आई व मुलीचा मृत्यू झाला. इंजिनाच्या कप्प्यात पेट्रोलवरील जनित्र बसवले होते. त्याला जोडलेली घरगुती बनावटीची निकास-व्यवस्था सुटली आणि वायू केबिनमध्ये शिरला.
* एश्कॉल (२०१४): जानेवारी २०१४ मध्ये व्हिटबी बंदरात या मासेमारी नौकेवर दोन मच्छीमार मरण पावले. ऊब मिळावी म्हणून त्यांनी स्वयंपाकाच्या गॅस-शेगडीचा ग्रिल पेटता ठेवला होता. नौकेवर कार्बन मोनॉक्साइड सूचकयंत्र नव्हते.
* डायव्हर्जन (२०१९): डिसेंबर २०१९ मध्ये यॉर्क शहरात ऊझ नदीवर उभ्या असलेल्या या नौकेच्या केबिनमध्ये दोन पुरुष मृतावस्थेत आढळले. डिझेल केबिन-हीटरच्या निकास-व्यवस्थेतून गळलेला वायू मृत्यूस कारणीभूत ठरला. या नौकेवरही सूचकयंत्र नव्हते.

तिन्ही घटनांत वायूचे उगम वेगवेगळे आहेत: जनित्र, शेगडी व हीटर. मात्र बंदिस्त केबिन आणि धोक्याची वेळीच न मिळालेली सूचना हे दुवे समान आहेत.

नियम व मानके

ब्रिटनमधील अंतर्गत जलमार्गांवरील नौकांसाठी 'बोट सेफ्टी स्कीम' ही तपासणी-योजना आहे. तिचे प्रमाणपत्र चार वर्षांसाठी वैध असते. १ एप्रिल २०१९ पासून या योजनेत निवासाची जागा असलेल्या नौकांना कार्बन मोनॉक्साइड सूचकयंत्र आवश्यक करण्यात आले. शेजारच्या नौकेचा निकासही आपल्या केबिनमध्ये येऊ शकत असल्याने, स्वतःच्या नौकेवर इंधन जळत नसले तरी सूचकयंत्राची गरज मानली जाते.

द्रवइंधनावरील शेगड्या व हीटर यांसाठी 'आयएसओ १४८९५' हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. लहान नौकांवर घन इंधनाची शेगडी बसवण्यासाठी 'बीएस ८५११' ही ब्रिटिश आचारसंहिता २०१० मध्ये प्रसिद्ध झाली.

घन इंधनाच्या शेगडीचे धुराडे

नॅरोबोटवर लाकूड किंवा कोळशाची लोखंडी शेगडी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिचे धुराडे छतातून वर जाते. शेगडीची मान व धुराडे यांमधील सांधा, तसेच धुराडे व छतावरील कडे यांमधील सांधा हे दोन गळतीचे प्रमुख बिंदू होत. ओतीव लोखंडाला तडा जाणे, दारावरील दोरीची गॅस्केट झिजणे आणि धुराड्यात काजळी साचणे यांमुळेही धूर आत येतो. नौकेचे धुराडे घराच्या तुलनेत फार आखूड असल्याने त्याची ओढ मुळातच कमी असते. रात्री हवा कमी करून निखारे धुमसत ठेवण्याच्या पद्धतीत कार्बन मोनॉक्साइड अधिक निर्माण होतो. छतावरील वायुवीजनाची तोंडे थंडी टाळण्यासाठी बुजवणे हे विशेष धोकादायक असते.

देखभाल व वापर

* दर हंगामापूर्वी नळी, सांधे, क्लॅम्प व आधार तपासणे. गंज, काजळीचे काळे डाग किंवा वेष्टनावरील करपल्याच्या खुणा दिसल्यास हीटर बंद ठेवणे. सांध्याभोवतीची काळी कड ही गळतीची ठळक खूण असते.
* बाहेरच्या तोंडात कचरा, कोळ्याचे जाळे किंवा बर्फ नसल्याची खात्री करणे.
* हीटर त्याच्या बटणानेच बंद करणे. बटण बंद केल्यावरही पंखा काही मिनिटे चालून यंत्र थंड करतो. थेट बॅटरी तोडल्यास काजळी धरते व भाग बिघडतात.
* इंधन भरताना हीटर बंद ठेवणे.

विषबाधा झाल्यास

सूचकयंत्र वाजल्यास किंवा लक्षणे जाणवल्यास सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत नेणे, शक्य असल्यास हीटर बंद करून दारे-खिडक्या उघडणे आणि वैद्यकीय मदत बोलावणे हा क्रम पाळला जातो. बेशुद्ध व्यक्तीला वाचवण्यासाठी वायूने भरलेल्या केबिनमध्ये रेंगाळणारा माणूसही बळी पडू शकतो. रुग्णाला प्राणवायू देणे हा मुख्य उपचार आहे. बोटाला लावण्याचे साधे पल्स ऑक्सिमीटर अशा वेळी फसवे ठरते. कार्बन मोनॉक्साइडयुक्त रक्त त्याला प्राणवायूयुक्त भासते आणि आकडा सामान्य दिसतो.

भारतीय संदर्भ

कोकण व गोव्याच्या उष्ण किनाऱ्यावरील नौकांना केबिन-हीटरची गरज पडत नाही. काश्मीरमधील दल सरोवरावरील हाउसबोटींमध्ये मात्र हिवाळ्यात पत्र्याच्या धुराड्याची 'बुखारी' वापरली जाते. तिच्या बाबतीत घन इंधनाच्या शेगडीविषयीची वरील तत्त्वे लागू पडतात. महाराष्ट्रात हाच धोका बंद न्हाणीघरातील गॅस गिझरच्या रूपाने परिचित आहे. ठिकाण वेगळे असले, तरी लहान बंदिस्त जागा, अपुरे ज्वलन आणि निकासाचा अभाव ही कारणे तीच आहेत.

हेही पाहा

* कार्बन मोनॉक्साइड
* हिमोग्लोबिन
* ज्वलन
* हाउसबोट
* वायुवीजन